उतारशाळेचा रखवालदार

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कसबा बावडा येथे भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या सभेत धर्मगुरूने काय बोलावे याविषयी आपली अपेक्षा काय असते, हे आम्हांस ठाऊक आहे. आरंभी येथे किती कुटुंबे होती, मंदिराचा पाया कसा खणला गेला, घंटा कोणाच्या देणगीतून आली, हा सर्व वृत्तान्त चिटणीसांनी परिश्रमपूर्वक जमविला आहे व तो स्मरणिकेत येणारच आहे. त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आम्हांस आज एका निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे, आणि भाषणाच्या शेवटी आपणांपाशी एक मागणेही मागावयाचे आहे. ते मागणे पैशाचे नाही, हे प्रथमच सांगून टाकतो, म्हणजे मागल्या बाकांवरील मंडळी निश्चिंत मनाने ऐकतील.

जुन्या करारात पन्नासावे वर्ष हे महोत्सवाचे वर्ष म्हणून सांगितले आहे. त्या वर्षी गहाण पडलेली जमीन मूळ धन्याकडे परत जावी आणि दास मोकळे व्हावेत, असा नियम होता. तात्पर्य, पन्नासावे वर्ष केवळ पताका लावण्याचे नसून हिशेब मिटविण्याचे होय. मग आमच्या खात्यावर कोणाचे ऋण आहे, याचा आम्ही विचार करू लागलो. आणि तो विचार आम्हांस येथून दोन-तीन कोसांवर असलेल्या वळिवड्यापाशी घेऊन गेला.

आज ज्या गांधीनगरात आपण लग्नाचा बस्ता बांधावयास जातो, त्या भूमीवर इ. स. १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलंड देशातील सुमारे पाच हजार निर्वासितांची वसाहत होती. १९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने व पूर्वेकडून रशियाने आक्रमण केले. पूर्व भागातील असंख्य कुटुंबांस रशियन सत्तेने रात्री-अपरात्री घरांतून उठवून आगगाडीत कोंबले व सैबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या मुलखात नेऊन टाकले. १९४१ साली जर्मनी रशियावर उलटला, तेव्हा यांची सुटका झाली. आणि जे वाचले होते त्यांतील कित्येक कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचले. तेथून कोणी आफ्रिकेत गेले, कोणी मेक्सिकोत, कोणी न्यूझीलंडात. आणि काही कराचीच्या मार्गाने आपल्या करवीर संस्थानात येऊन उतरले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेच होती.

या कामात पोलिश रेड क्रॉसच्या हिंदुस्थानातील प्रतिनिधी किरा बनासिन्स्का या बाईंचे नाव ठळकपणे घेतले जाते. त्यांचे यजमान मुंबईस पोलंडचे महावाणिज्यदूत होते. परदेशी अधिकाऱ्याच्या पत्नीने मेजवान्यांत दिवस घालवावेत, अशीच त्या काळची रीत. या बाईंनी मात्र औषधे व कपडे भरलेल्या मालमोटारी क्वेट्ट्यावरून इराणमार्गे रशियाच्या हद्दीपर्यंत धाडण्याच्या कामात स्वतःस जुंपून घेतले, आणि त्याच मोटारींतून परतताना अनाथ पोलिश मुले हिंदुस्थानात आणली गेली. पुढे नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे या मुलांस आश्रय दिला, ही कथा आता सर्वत्र सांगितली जाते. युद्ध संपले, त्यांच्या देशात दुसरे सरकार आले, आणि बाई येथेच राहिल्या. हैदराबादेत गोरगरिबांत काम करीत त्यांनी उरलेले दीर्घ आयुष्य वेचले.

परंतु आज आम्हांस मोटारींच्या त्या धाडसी प्रवासाविषयी बोलावयाचे नाही. त्यानंतर काय झाले, याविषयी बोलावयाचे आहे. पाच हजार माणसे वळिवड्यास उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांस पाणी लागले. तिसऱ्या दिवशीही लागले. पाच वर्षे रोज लागले. कोणत्या खोलीत कोण राहतो याची नोंद, दवाखान्यातील औषधांचा साठा, शाळेतील पाट्या, लहानग्यांचे दूध, हिवतापाचा मोसम, संडासांची सफाई, हरवलेल्या नातलगांच्या शोधाची पत्रे, असे हे काम होते. त्यातील पुष्कळसे निर्वासितांनीच आपल्या अंगावर घेतले. त्यांच्या शिक्षिका शिकवीत, त्यांच्या परिचारिका रुग्णांची शुश्रूषा करीत, त्यांचे धर्मगुरू मिस्सा अर्पण करीत. जे कोल्हापुरातच मृत्यू पावले, त्यांची थडगी आजही येथील ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. १९४८ मध्ये वसाहत उठली आणि पुढे त्याच ठिकाणी फाळणीत घर गमावलेले सिंधी बांधव येऊन वसले. एका निर्वासिताने रिकामी केलेली जागा दुसऱ्या निर्वासिताच्या उपयोगी पडली.

शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त आपणांपैकी लहान मुलांसही पाठ आहे. वाटेत लुटारूंनी मारून टाकलेल्या मनुष्यास त्याने जखमा बांधून उतारशाळेत आणले. आम्ही तीस वर्षे या दृष्टान्तावर प्रवचने केली. आणि तीस वर्षे त्यातील एका मनुष्याकडे आमचे लक्षच गेले नाही. तो म्हणजे उतारशाळेचा रखवालदार. शोमरोनी दुसऱ्या दिवशी दोन दिनार देऊन आपल्या वाटेस लागला. त्यानंतर त्या जखमी माणसाची पट्टी कोणी बदलली? त्याला पेज कोणी भरविली? त्याची घाण कोणी काढली? दोन दिनारांचा हिशेब कोणी ठेवला? शास्त्रात त्याचे नाव नाही, तसे शोमरोन्याचेही नाही. पण शोमरोन्याच्या नावाने जगभर रुग्णालये निघाली, आणि रखवालदाराच्या नावाने एक खोलीही कोणी बांधली नाही. आपत्तीत सापडलेल्यांस साह्य करण्यासाठी परदेशी जाणारा सेवक हा शोमरोनी असतो, अशी सर्वांची समजूत. वास्तविक तो बहुतांशी रखवालदार असतो.

आपल्या महाराष्ट्रातीलच उदाहरण घ्या. १९३८ साली जपानने चीनवर चालविलेल्या युद्धात जखमी झालेल्यांच्या शुश्रूषेसाठी राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणिसांचे वय तेव्हा अठ्ठावीसही पुरे नव्हते. वडील वारल्याची वार्ता त्यांस चीनमध्येच मिळाली. ते परतले नाहीत. ते चिनी भाषा शिकले, डोंगराळ मुलखात खेचरांवरून औषधे नेऊन खेडोपाडी शस्त्रक्रिया करू लागले, तरुण चिनी विद्यार्थ्यांस वैद्यक शिकवू लागले. डॉ. नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या शस्त्रवैद्याच्या नावे निघालेल्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तेथीलच परिचारिका को चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि पुत्र काही महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी ते निवर्तले. त्यांच्या जीवनावर चित्रपट काढणारे व्ही. शांताराम हे आपल्या कोल्हापूरचेच. तो चित्रपट आम्ही विद्यार्थिदशेत पाहिला आणि अश्रू ढाळले. दुसऱ्याच्या मुलाच्या त्यागावर अश्रू ढाळणे किती सुलभ असते, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळावयाचे होते. ते कसे कळले, ते आता सांगतो.

प्रथम आमचा एक अपराध सांगितला पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेस आलेला महापूर आपण कोणीही विसरलेला नाही. पाण्याची उंची मोजली जाते ती आपल्याच बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर. तेथे ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, दूध व इंधन मिळेनासे झाले, नावा घेऊन परमुलखातील जवान आले. पाणी ओसरू लागताच आम्हीही मोठ्या उत्साहाने धान्याच्या पिशव्या बांधल्या व एका शाळेच्या पटांगणात वाटावयास उभे राहिलो. यादी केली नव्हती. कोणाच्या घरी किती माणसे, कोण आजारी, कोणाची चूल भिजलेली, काही विचारले नव्हते. पाऊण तासात रेटारेटी झाली, पिशव्या फाटल्या, ज्यांच्या अंगात बळ होते त्यांस दोन-दोन मिळाल्या. एक वृद्ध बाई भिंतीशी उभी होती; तिच्यापर्यंत काही पोहोचलेच नाही. आम्ही ओशाळून तिच्याजवळ गेलो, तेव्हा ती म्हणाली, “भाकरीचं काय न्हाई वं, शेजारीण दील. पर येकानं नाव तरी इचारायचं हुतं.” बंधुभगिनींनो, सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान व ईश्वरशास्त्र मिळून जी वर्षे घालविली, त्यांत या वाक्याइतका खोल धडा आम्हांस मिळाला नव्हता. आम्ही त्या दिवशी शोमरोनी होण्याच्या घाईत होतो. रखवालदाराची वही आमच्यापाशी नव्हती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आपल्या धर्मग्रामातील एक कन्या, जिला आपण सर्व ओळखता व जिच्या नावाचा उच्चार तिच्याच विनंतीवरून आम्ही करीत नाही, परिचारिकेचे शिक्षण घेऊन काही वर्षे शहरातील रुग्णालयात नोकरी करीत होती. गेल्या वर्षी ती एका वैद्यकीय साह्यसंस्थेमार्फत आफ्रिकेतील चाड देशाच्या पूर्व सीमेवर नऊ महिने काम करून आली. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानात यादवी पेटल्यापासून दारफुर प्रांतातील लाखो लोक ती सीमा ओलांडून आले आहेत. ती परतल्यावर आम्ही तिला विचारले, “मुली, तेथे तू काय केलेस?” आमची अपेक्षा, ती तोफा-बंदुकांच्या गोष्टी सांगेल. ती म्हणाली, “फादर, मी मुलांचे दंड मोजले.”

मग तिने आपला दिवस सांगितला, तो आम्ही आपणांस सांगतो. पहाटे साडेपाचला उठावयाचे. ऊन चढण्यापूर्वी जेवढे काम उरकेल तेवढे बरे. हंड्यात उरलेल्या पाण्याचा अंदाज घेऊन आंघोळ करावयाची की नाही ते ठरवावयाचे. साडेसहाला बैठक: काल वाटेवर काही गडबड झाली का, आज कोणत्या रस्त्याने जावयाचे, कोणती गाडी किती वाजता परतणार. गाडी निघताना व पोहोचताना बिनतारी यंत्रावर वर्दी द्यावयाची. दवाखाना म्हणजे ताडपत्रीचा तंबू. बाहेर आयांची रांग. प्रत्येक मुलाच्या दंडाभोवती एक रंगीत कागदी पट्टी गुंडाळावयाची, घेर साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला तर तांबडा रंग, म्हणजे ते मूल उपासमारीने मरणाच्या दारात आहे, साडेबारापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. मग वजन, ताप, नाव, गावाचे नाव, आईचे नाव, सर्व वहीत. तांबड्या मुलास शेंगदाणा, दूध व तेल यांच्या पौष्टिक लगद्याच्या पुड्या आठवड्याच्या हिशेबाने द्यावयाच्या, आणि पुढल्या आठवड्यात ते मूल आले नाही तर शोधावयास माणूस धाडावयाचा.

तिला तेथील भाषा येत नव्हती. ती बोले इंग्रजीत, दुभाषी ते अरबीत करी, आणि दुसरी एखादी बाई ते मसालीत भाषेत सांगे. उत्तर त्याच तीन पायऱ्यांनी परत येई. दुभाषी म्हणजे कोण, तर स्वतः निर्वासित झालेला एक शिक्षक. तिच्या पथकात परदेशी माणसे थोडी आणि स्थानिक पुष्कळ होती. “आम्ही परदेशी मंडळी येतो-जातो, फादर, खरी उतारशाळा तेच चालवितात,” असे ती म्हणाली. दुपारी औषधांचा साठा मोजावयाचा, कारण पुढची गाडी केव्हा येईल याचा नेम नाही. सायंकाळी सहाच्या आत सर्वांनी आवाराच्या आत असलेच पाहिजे. बाहेर फिरावयास जाणे नाही. रात्री यंत्राची वीज असेतो अहवाल लिहावयाचे. जेवणास भात व घेवड्याची उसळ; एकदा तिने दोन महिने जपून ठेवलेला कांदा-लसूण मसाला त्यात घातला, तेव्हा सारे पथक पाणी पीत बसले होते. मग मच्छरदाणीत शिरून आईस निरोप पाठवावयाचा, तोही यंत्रास संदेश मिळाला तर.

या कामाची मापेही तिने आम्हांस सांगितली. निर्वासित छावणीत माणशी दररोज निदान १५ लिटर पाणी, निदान २,१०० उष्मांकांचे अन्न, दर २० माणसांमागे एक संडास, असे आज जगभर मानलेले किमान प्रमाण आहे. आम्ही तेथेच बसून वळिवड्याचा हिशेब केला. पाच हजार माणसांस आजच्या मापाने रोज ७५,००० लिटर पाणी आणि २५० संडास. आमच्या पटांगणातील त्या फाटलेल्या पिशव्या आम्हांस आठवल्या. दया ही भावना आहे. पण दयेला माप लागते, वही लागते, आणि रोज सकाळी उठणारा मनुष्य लागतो.

या कामात धोका नाही असे आम्ही म्हणणार नाही. २००३ च्या ऑगस्टमधील १९ तारखेस बगदादेत संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर बाँब फुटून २२ जण ठार झाले. म्हणूनच १९ ऑगस्ट हा दिवस जगभर या सेवकांच्या स्मरणार्थ पाळतात. एकट्या २०२४ साली ३८० हून अधिक साह्यसेवक मारले गेले, आणि त्यांतील बहुसंख्य आपापल्या देशातच काम करणारे होते.

आता ती मुलगी पुढील महिन्यात पुन्हा जाऊ इच्छिते. तिचे वडील नाहीत. आईस मधुमेह आहे, गुडघ्यांनी चालवत नाही. ती माउली आमच्याकडे आली व म्हणाली, “फादर, तुमीच तिला चार शब्द सांगा. माझं न्हाई, तुमचं ऐकंल ती.” आणि आम्ही, ज्यांनी कोटणिसांसाठी अश्रू ढाळले होते, त्यांनी त्या मुलीस बोलावून सांगितले, “मुली, एकदा जाऊन आलीस, पुरे झाले. मातापित्यांचा मान राखावा ही देवाची आज्ञा आहे. येथेही रुग्ण आहेतच.”

तिने वाद घातला नाही. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, “फादर, येथे मी गेले नाही तर माझ्या जागी दुसरी येते. तेथे मागल्या खेपेस माझी जागा दोन महिने रिकामी होती. तेवढे दिवस मोजणीची रांग अर्धीच चालली. आईची काळजी मलाही आहे. पण आईला जे लागते ते काय आहे, ते आपण मला सांगा. बुधवारी तिला दवाखान्यात कोणी न्यावे, औषधे कोणी आणावीत, रात्री एकदा दार वाजवून कोणी विचारावे, एवढेच ना? मग हे काम करावयास बावड्यात कोणीच नाही का?”

आम्ही निरुत्तर झालो. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. ती जे म्हणाली त्याचा अर्थ असा होता की, तिला थांबविणारी तिची आई नव्हे; आम्ही आहोत. आईच्या दारावर थाप मारणारे कोणी नाही म्हणून मुलीचे पाय बांधले जात आहेत. आज्ञेचा आधार घेऊन आम्ही धर्मग्रामाचे कर्तव्य एका मुलीच्या खांद्यावर टाकीत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या माउलीकडे गेलो व आमची चूक तिच्यापुढे कबूल केली. तिने डोळे पुसले. ती म्हणाली, “ती जाऊ दे, फादर. पर मला येकटीला टाकू नगा.” बंधुभगिनींनो, तिचे मन पूर्ण राजी झाले आहे, असे आम्ही सांगणार नाही. कोणत्याही आईचे होत नसते. डॉक्टर कोटणिसांच्या आईचे तरी झाले असेल का? पण तिने तिला सोडले आहे, आणि ज्या अटीवर सोडले ती अट आम्ही आपणां सर्वांच्या वतीने मान्य करून आलो आहोत. आपणांस न विचारता केली, याबद्दल क्षमा असावी.

तेव्हा आमचे मागणे हे. मंदिराच्या दाराशी आम्ही एक वही ठेवली आहे. तीत पुढील बारा महिन्यांचे बुधवार आखलेले आहेत. कोणत्या बुधवारी कोण त्या माउलीस दवाखान्यात नेईल, त्याने आपले नाव त्या रकान्यात लिहावे. शेवटच्या पानांवर दुसरीही यादी आहे: या धर्मग्रामात व आपल्या गल्लीत, कोणत्याही धर्माची असोत, एकटी राहणारी वृद्ध माणसे किती, त्यांची नावे काय. ती नावे मुलांनी घरोघर विचारून लिहावीत. पुन्हा कधी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर गेले, तर आम्ही पिशव्या बांधण्यापूर्वी ती वही उघडू. पहिले नाव आम्ही स्वतः लिहिले आहे. ते त्या भिंतीशी उभ्या राहिलेल्या वृद्ध बाईचे आहे. ती आजही याच गावात राहते. तिचे नाव विचारावयास आम्हांस फार उशीर लागला.

वळिवड्यास परमुलखातून आलेल्यांसाठी परमुलखातील माणसे झटली; सोलापूरचा तरुण चीनमध्ये झटला; पुरात आम्हांसाठी अनोळखी जवानांनी नावा लोटल्या. यांतील एकाचेही ऋण त्याचे त्यास परत करणे आता शक्य नाही. ते पुढे दुसऱ्या कोणास तरी द्यावयाचे असते. आपली एक कन्या ते फेडावयास चाडच्या वाळवंटात जात आहे. उरलेल्यांनी ते येथे, या गल्लीत, बुधवारच्या बुधवारी फेडावयाचे आहे.

सभा संपल्यावर चहा आहे. वही दाराच्या उजव्या हातास आहे, पेन्सिल दोरीने बांधली आहे. पहिल्या बुधवारचा रकाना आम्ही आमच्यासाठी राखला आहे. दुसऱ्यापासून तो आपला आहे.

परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.